लेखाबरोबरचा सोर्स कोड: शोधायचा कुठे, उघडायचा कसा, वापरायचा कितपत

प्रोग्रॅमिंगच्या मासिकांत लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते: जागेअभावी कोडचा काही भागच छापला आहे, पूर्ण सोर्स कोड डाउनलोड करता येईल. बरेच जण ही ओळ दिसली की लेख अर्धवट सोडून थेट लिंककडे वळतात. झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली फाइल, उतरवतात, रन करून बघतात आणि चालला नाही की ‘भंगार कोड आहे’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो भंगार नसतो. तो कोणत्या साली, कोणत्या कंपायलरवर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), काय दाखवायला लिहिला होता याची माहिती झिपमध्ये नसते, ती लेखात असते. लेख आणि कोड यांची ताटातूट झाली की दोन्हींची किंमत निम्म्याहून कमी होते. या सगळ्या प्रकरणात एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ अडचणी आपोआप टळतात.

मासिकात छापलेल्या तुकड्याला ‘लिस्टिंग’ म्हणतात. लिस्टिंग वाचण्यासाठी असतं, चालवण्यासाठी नाही. मासिकाचा रकाना अरुंद असतो, म्हणून लांब ओळी मोडलेल्या असतात. फाइल उघडली नाही तर काय करायचं, मेमरी मिळाली नाही तर काय, ही तपासणी संपादक कापून टाकतो, कारण मूळ मुद्दा त्या गर्दीत हरवतो. झिपमध्ये हे सगळं परत आलेलं असतं. शिवाय हेडर फाइली, प्रोजेक्टची फाइल, नमुन्याचा डेटा, आणि नशीब चांगलं असेल तर एखादी रीडमी.

मग पीडीएफमधून कोड कॉपी-पेस्ट का करू नये? करून बघा. छपाईसाठी पान लावताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण जीसीसी हा कंपायलर मात्र ‘प्रोग्रॅममध्ये भटकं अक्षर’ अशी तक्रार करतो आणि ३४२, २००, २३४ असे तीन आकडे तोंडावर फेकतो. हे आकडे म्हणजे वळणदार अवतरणचिन्हाचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतले तीन बाइट, आठच्या पायावर लिहिलेले. पायथनचा कोड असेल तर ओळींच्या आधीच्या मोकळ्या जागा पीडीएफमध्येच गळून पडतात, आणि पायथनमध्ये तर त्या जागांनाच अर्थ असतो. म्हणून झिप.

टाइप करण्याचे दिवस

ही पद्धत आली कुठून ते थोडं पाहू, कारण आज आपण डाउनलोड तपासतो त्या रीतीचं मूळ तिथेच आहे.

१९७६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधून ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ सुरू झालं. मूळ बेत फक्त तीन अंकांचा होता आणि विषय एकच, टायनी बेसिक, म्हणजे बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेचं छोटं रूप. घरी जोडायच्या आल्टेअर कॉम्प्युटरमध्ये तेव्हा चार किलोबाइट मेमरी असली तरी चैन समजत. तेवढ्यात मावेल अशा बेसिकचा आराखडा डेनिस ॲलिसन यांनी मांडला. वाचकांनी आपापल्या मशीनसाठी ती भाषा लिहून पाठवली आणि मासिकाने ते कोड छापले. तीन अंकांसाठी निघालेलं हे मासिक छापील रूपात २००९ पर्यंत चाललं.

कोड ‘डाउनलोड’ करायचा म्हणजे काय, तर मासिक मांडीवर घ्यायचं आणि टाइप करायचं. बेसिकचा प्रोग्रॅम निदान वाचता तरी येतो, पण वेगवान प्रोग्रॅम मशीन लँग्वेजमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांत, असायचे आणि ते छापले जायचे नुसत्या आकड्यांच्या रांगा म्हणून. उदाहरणार्थ कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरसाठी ही छोटी रांग घ्या: १६९, १, १४१, ०, ४, ९६. तिचा अर्थ असा की १ हा आकडा हातात घे, तो १०२४ क्रमांकाच्या खणात ठेव, परत जा. खण १०२४ म्हणजे स्क्रीनचा अगदी वरचा डावा कोपरा आणि तिथे १ ठेवलं की ‘ए’ हे अक्षर उमटतं. सहा आकड्यांना एवढं समजावून सांगता येतं. एखाद्या वर्ड प्रोसेसरचे हजारो आकडे चार पानं भरून यायचे, आणि त्यात एक चुकला की मशीन निमूटपणे गोठायचं. चूक कुठे झाली ते कळायला मार्ग नसे.

‘कॉम्प्यूट!’ या अमेरिकन मासिकाने १९८३ मध्ये यावर उपाय काढला. प्रत्येक ओळीशेवटी आणखी एक आकडा छापायचा, तो त्या ओळीच्या बेरजेवरून काढलेला. वाचक आधी एक छोटा प्रोग्रॅम टाइप करून ठेवायचा. पुढे प्रत्येक ओळ टाइप झाली की तो प्रोग्रॅम बेरीज करून छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचा आणि जुळली नाही तर तिथेच अडवायचा. मशीन लँग्वेजसाठीच्या या प्रोग्रॅमचं नाव होतं एमएलएक्स, बेसिकसाठीच्या भावंडाचं ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’.

आता वरच्या सहा आकड्यांची बेरीज करा: ४११. पहिले दोन आकडे घाईत उलटे टाइप झाले, १६९, १ ऐवजी १, १६९, तरी बेरीज ४११ च. म्हणजे साध्या बेरजेला अदलाबदल दिसत नाही, आणि टाइप करणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक तीच. पहिल्या प्रूफरीडरमध्ये ही खोट होती. १९८६ च्या नव्या प्रूफरीडरने ती दूर केली. अशी चूक पकडायची एक सरळ युक्ती म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेने गुणायचं. पहिल्याला एकने, दुसऱ्याला दोनने, असं सहापर्यंत. बरोबर रांगेचं उत्तर येतं ११९०, उलटलेल्या रांगेचं १३५८. चूक लगेच उघडी पडते.

आज डाउनलोडच्या पानावर शा-२५६ म्हणून चौसष्ट अक्षरांची अगम्य रांग दिसते, ती याच घराण्यातली. फरक एवढाच की जुनी बेरीज नजरचूक पकडण्यापुरती होती, तर शा-२५६ मुद्दाम केलेला फेरफारही पकडतं. विंडोजवर सर्टयुटिल आणि लिनक्सवर शा-२५६-सम ही आज्ञा देऊन आपण आपल्याकडच्या फाइलची रांग काढायची आणि पानावरच्या रांगेशी जुळवायची. मात्र इथे एक मेख आहे. झिप आणि रांग दोन्ही एकाच साइटवर असतील आणि ती साइटच कुणी ताब्यात घेतली असेल, तर तो दोन्ही बदलेल. अशा वेळी जुळणाऱ्या रांगेवरून फाइल वाटेत बिघडली नाही एवढंच कळतं. ती विश्वासाची आहे की नाही, हे कळत नाही.

टाइप करण्यातून सुटका

टाइप करायचा कंटाळा सगळ्यांनाच होता, त्यामुळे नाना प्रयोग झाले. १९७७ च्या मे महिन्यात ‘इंटरफेस एज’ने अंकात चक्क पातळ प्लास्टिकची ग्रामोफोन तबकडी घातली. तीवर बेसिक भाषा आवाजाच्या रूपात भरलेली होती. तबकडी लावायची, आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा. नेदरलँड्समध्ये तर रेडिओवरून प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे आणि श्रोते ते कॅसेटवर टेप करून घ्यायचे. मग फ्लॉपी आली. अंकाबरोबर किंवा वेगळे पैसे भरून टपालाने ती मागवायची. त्यानंतर मॉडेमवरून फोन लावून जोडायचे बुलेटिन बोर्ड, कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा, आणि नव्वदच्या दशकात एफटीपी, म्हणजे इंटरनेटवरून फाइली उतरवायची जुनी पद्धत.

एफटीपीच्या काळातली एक सवय आजही उपयोगी पडते. बऱ्याच मासिकांत फाइलचं नाव साल आणि महिना जोडून केलेलं असायचं. ९५०३ दिसलं की १९९५ चा मार्च. काही ठिकाणी अंकाच्या क्रमांकाचं फोल्डर असे. ‘लिनक्स जर्नल’च्या एफटीपीवर अंकवार फोल्डर होते. म्हणून जुना कोड शोधताना लेखाच्या नावाआधी अंकाचा महिना आणि क्रमांक हातात हवा. डोंगराएवढ्या गोळा केलेल्या जुन्या फाइलींत लेखाचं नाव कुठेच नसतं, ९५०३ मात्र असतं.

आपल्याकडे चित्र निराळं होतं. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेव्हाच्या मॉडेमचा वेग सेकंदाला ९,६०० बिट धरला तर एका १.४४ मेगाबाइट फ्लॉपीइतका मजकूर उतरायला, लाइन एकदाही न तुटता, वीस मिनिटं लागणार. लाइन तुटायचीच. टेलिफोनचं बिल वेगळं. त्यामुळे मासिकाबरोबरची सीडी हीच आपली खरी एफटीपी होती. ‘पीसी क्वेस्ट’ने लिनक्सच्या सीड्या दिल्या, मुंबईहून निघणाऱ्या ‘चिप’ आणि ‘डिजिट’ने सीडी भरभरून सॉफ्टवेअर दिलं, ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ने सर्किटच्या लेखांचे कोड सीडीवर घातले. त्या सीड्या अजून कुणाच्या माळ्यावर असतील तर फेकण्याआधी त्यांची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलीतली नक्कल, करून ठेवा. घरी लिहिलेल्या सीडीच्या मानाने कारखान्यात छापलेली सीडी बरीच टिकते, पण कायमची नाही.

आज तो कोड आहे कुठे

नव्या लेखाचं सोपं आहे. लिंक चालू असते आणि बहुतेक वेळा ती गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर नेते. तिथे हिरवं बटण दाबून झिप घेतली की काम झालं असं वाटतं, पण ते बटण देतं आजचा कोड. लेख दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि लेखकाने मधल्या काळात निम्म्या फाइलींची नावं बदलली असतील, तर लेख एक सांगतो आणि कोड दुसरंच. शहाणे लेखक लेख छापायला देताना त्या क्षणाच्या कोडवर टॅग, म्हणजे नावाची खूण, लावून ठेवतात. टॅगची यादी आधी पाहायची. टॅग नसेल तर कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास उघडायचा, लेखाच्या तारखेच्या लगेच आधीचा कमिट शोधायचा आणि त्या वेळचा कोड घ्यायचा. बटणाने घेतलेल्या झिपमध्ये सबमॉड्यूल म्हणून जोडलेले दुसऱ्यांचे कोडही येत नाहीत. त्या जागी रिकामा फोल्डर मिळतो आणि माणूस तासभर ‘हेडर फाइल सापडत नाही’शी झुंजत बसतो. सबमॉड्यूल असतील तर झिपच्या नादी न लागता गिट वापरून सबमॉड्यूलसकट क्लोन करावं, म्हणजे कोडची पूर्ण नक्कल घ्यावी.

जुन्या लेखांची गोष्ट दुःखद आहे. मासिक बंद पडलं की आधी कोडचा सर्व्हर जातो, लेख नंतर. ‘डॉक्टर डॉब्ज’च्या साइटवर २०१४ च्या अखेरीनंतर नवे लेख आले नाहीत. मायक्रोसॉफ्टचं ‘एमएसडीएन मॅगझिन’ नोव्हेंबर २०१९ च्या अंकानंतर थांबलं. त्याआधीच कोडप्लेक्स ही त्यांची कोड ठेवायची जागा २०१७ मध्ये बंद झाली होती, आणि गूगल कोड तर २०१६ मध्येच. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने शा-१ या जुन्या पद्धतीने सही केलेल्या फाइली आपल्या डाउनलोड केंद्रातून काढून टाकल्या. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण त्या झाडलोटीत कित्येक जुनी उपयोगी डाउनलोडं गेली.

लिंक मेली असेल तर मी या क्रमाने जातो. आधी लेखकाची स्वतःची साइट. कारण मासिक विसरतं, लेखक सहसा विसरत नाही, आणि त्याच्याकडे दुरुस्त केलेली आवृत्तीही असते. मार्क नेल्सन यांचा एलझेडडब्ल्यू पद्धतीने डेटा दाबण्यावरचा लेख ‘डॉक्टर डॉब्ज’च्या ऑक्टोबर १९८९ च्या अंकात आला. पुढे लेख आणि कोड त्यांनी आपल्या साइटवर ठेवला आणि वीसेक वर्षांनी तोच विषय सी++ मध्ये नव्याने लिहिला. दुसरी जागा इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन, म्हणजे जुन्या वेबपानांचा साठा. मेलेल्या लिंकचा पूर्ण पत्ता तिथे टाकायचा आणि लेख छापून आल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली तारीख निवडायची. पान मिळतं, झिप मिळेलच असं नाही, पण पुष्कळदा मिळते. तिथेही हाती लागलं नाही तर लेखाचं नाव सोडून झिपच्या नावाने शोधायचं. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मासिकांच्या सीड्यांच्या इमेज आहेत आणि त्यांतल्या फाइलींची यादी सीडी न उतरवता वाचता येते.

अनोळखी ‘फ्री सोर्स कोड’ साइटवरून मात्र घेऊ नये. तिथे तीच झिप असते, पण आत आणखी काय असतं ते त्या साइटवाल्यालाच ठाऊक.

झिप उघडत नाही

झिपचा जन्म १९८९ चा, करणारे फिल कॅट्झ. कुठलीही झिप नोटपॅडमध्ये उघडलीत तर बाकी सगळा कचरा दिसेल, पण सुरुवातीची दोन अक्षरं असतील पी आणि के, म्हणजे कॅट्झ यांची आद्याक्षरं. उतरवलेली ‘झिप’ उघडत नसेल तर पहिली तपासणी हीच. पी-के ऐवजी ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसलं तर तुम्ही झिप उतरवलेलीच नाही. सर्व्हरने ‘फाइल सापडली नाही’ असं सांगणारं पान पाठवलं आणि ब्राउझरने ते झिप या नावाने ठेवून दिलं.

पी-के आहे, पण तरी उघडत नाही? मग डाउनलोड बहुधा अर्ध्यात तुटलंय. झिपची रचना जरा गमतीची आहे. आत कोणत्या फाइली आहेत आणि त्या कुठे सुरू होतात याची सूची ती अगदी शेवटी ठेवते. शेवटचे काही बाइट आले नाहीत तर सूची नाही, आणि सूची नाही तर उघडणारा प्रोग्रॅम हात वर करतो, मग आतल्या नव्वद फाइली शाबूत का असेनात. पुन्हा उतरवणं हाच सोपा इलाज.

सूची शेवटी असण्याचा एक फायदाही आहे. जुनी मासिकं झिपऐवजी आपोआप उलगडणारी ईएक्सई फाइल द्यायची. तिच्यात पुढच्या बाजूला छोटा प्रोग्रॅम आणि मागे चिकटवलेली झिप असते. यांतल्या जुन्या फाइली १६ बिटच्या असतात आणि ६४ बिट विंडोजवर त्या चालतच नाहीत. चालवायची गरजही नाही. सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रॅमला ती ईएक्सई उघडायला सांगा. तो शेवटची सूची वाचतो, पुढच्या प्रोग्रॅमकडे ढुंकूनही बघत नाही आणि फाइली बाहेर काढतो. ईएक्सई न चालवता कोड मिळाला हा वरचा लाभ.

झिपमध्ये प्रत्येक फाइलबरोबर सीआरसी-३२ नावाचा ताळा असतो, म्हणजे पुन्हा ते जुनं बेरजेचंच तत्त्व. काढताना ‘सीआरसी एरर’ आला तर दुर्लक्ष करू नका. ती एक फाइल बिघडलेली आहे, बाकीच्या चालतील.

‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकातला आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा कोड असेल तर आणखी एक बारीक खोड आहे. आर्डुइनोला स्केचची (त्याच्या प्रोग्रॅमची) फाइल तिच्याच नावाच्या फोल्डरमध्ये लागते. आणि झिपमध्ये हेक्स फाइल असेल तर ती सोर्स नव्हे. ती चिपमध्ये थेट भरायची तयार फाइल असते, तिच्यात बदल करता येत नाही.

रन करण्याआधी

मासिक नावाजलेलं आहे म्हणून फाइल सुरक्षित, हे समीकरण चुकीचं आहे. १९९८ च्या जुलैत ‘पीसी गेमर’च्या युरोपातल्या आवृत्त्यांच्या सीडीवरून मार्बर्ग नावाचा व्हायरस वाचकांच्या घरी पोचला होता. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, सीडी करताना तपासणी कमी पडली.

‘मी ईएक्सई चालवतच नाही, फक्त सोर्स घेतो आणि स्वतः कंपाइल करतो’ हे बोलणं ऐकायला सुरक्षित वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या सुरक्षा गटाने उत्तर कोरियाशी संबंधित हल्लेखोरांची एक तऱ्हा उघड केली. ते सुरक्षा क्षेत्रातल्या संशोधकांशी ओळख वाढवायचे, मिळून काम करू म्हणायचे आणि व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट पाठवायचे. सोर्स कोड खराच होता. पण प्रोजेक्टच्या ‘बिल्ड इव्हेंट’मध्ये, म्हणजे कंपाइल होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांमध्ये, सोबतची एक घातक डीएलएल (विंडोजची तयार कोडची फाइल) चालवण्याची सोय केली होती. प्रोग्रॅम रन करायचीही गरज नव्हती, बिल्डचं बटण दाबलं की खेळ खलास. तेही कोड वाचणं हाच ज्यांचा धंदा, अशा लोकांवर.

म्हणून अनोळखी प्रोजेक्ट आधी साध्या एडिटरमध्ये उघडून वाचावा. प्रोजेक्टच्या फाइलीत बिल्डच्या आधी-नंतर काय चालतं ते बघावं, मेकफाइल (बिल्डच्या आज्ञांची फाइल) नजरेखालून घालावी, पायथनचा पॅकेज असेल तर सेटअपची फाइल. व्हीएस कोड हा एडिटर २०२१ पासून नवा फोल्डर उघडताना ‘या फोल्डरवर विश्वास आहे का’ असं विचारतो. तिथे सवयीने ‘हो’ दाबण्यासारखा मूर्खपणा नाही. ‘नाही’ म्हटलं तरी वाचता सगळं येतं. विंडोजसुद्धा इंटरनेटवरून आलेल्या झिपवर एक खूण लावून ठेवतो आणि ती खूण आतल्या फाइलींनाही लागते. वाचून खात्री झाली की झिप उलगडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं. नाहीतर पुढे प्रत्येक फाइलीशी वाद घालत बसावं लागतं.

चालतो, पण उत्तर चुकीचं

कंपाइलच होत नसलेला कोड तसा प्रामाणिक असतो. कंपाइल होऊन चुकीचं उत्तर देणारा कोड जास्त घातक.

टर्बो सी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, त्यामुळे नव्वदच्या दशकातला डॉसवरचा कोड पाहिला की मराठी वाचकाला घरी आल्यासारखं वाटतं. त्या काळच्या लेखात चित्राची फाइल वाचायचा कोड आहे असं धरा. फाइलीच्या सुरुवातीला रुंदी आणि उंची असे दोन आकडे, आणि कोडमध्ये त्यासाठी दोन इंट (पूर्णांक) एकत्र बांधलेलं स्ट्रक्चर. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे स्ट्रक्चर चार बाइटचं. आजच्या जीसीसीमध्ये इंट चार बाइटचा, स्ट्रक्चर आठ बाइटचं. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, फाइलीतले चारऐवजी आठ बाइट उचलतो, रुंदी आणि उंची एकमेकांत मिसळून रुंदी म्हणून कोट्यवधींचा आकडा येतो. उपाय म्हणजे फाइलीशी संबंध येणाऱ्या प्रत्येक इंटच्या जागी नेमके १६ बिट सांगणारा प्रकार लिहायचा. पण त्याआधी मूळ कोड डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुन्याच कंपायलरवर, जसाच्या तसा चालवून बघावा. बरोबर उत्तर कसं दिसतं ते तिथे कळतं. ते ठाऊक नसताना दुरुस्ती करणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

पायथनचंही तेच. पायथन २ चं अधिकृत आयुष्य १ जानेवारी २०२० ला संपलं, पण त्यात लिहिलेले लेख हजारोंनी आहेत. कंस नसलेला प्रिंट पायथन ३ लगेच पकडतो आणि थांबतो. भागाकार मात्र गुपचूप बदलतो. सात भागिले दोन पायथन २ मध्ये ३, पायथन ३ मध्ये ३.५. सरासरी काढणारा कोड असेल तर फायदाच, पण यादीतला मधला क्रमांक काढणारा असेल तर बोंब. लेखात आवृत्ती लिहिलेली असते, झिपमध्ये पुष्कळदा नसते. म्हणून लेखाची पीडीएफ झिपच्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि लेखानंतरच्या दोन-तीन अंकांतलं चूकदुरुस्तीचं सदर पाहावं. लेखाइतकीच ती दुरुस्तीही महत्त्वाची, आणि ती कुणीच वाचत नाही.

वापरायचा कितपत

शिकण्यासाठी कोड चालवणं, मोडणं, जोडणं यात काही हरकत नसते. प्रश्न येतो तो कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये घालताना.

१९७६ मध्ये ‘डॉक्टर डॉब्ज’मध्ये ली-चेन वांग यांचं ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ छापून आलं. त्याच्या माथ्यावर कॉपीराइटच्या ठरावीक वाक्याची टर उडवणारी ओळ होती: ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड’. त्याच वर्षी बिल गेट्स यांनी हौशी लोकांना उघडं पत्र लिहून पैसे न देता सॉफ्टवेअरच्या प्रती करून घेणाऱ्यांना चोर म्हटलं होतं. तेव्हापासून मासिकातल्या कोडबद्दल दोन टोकाच्या समजुती चालत आल्यात. त्यांतली ‘छापलंय म्हणजे वापरायला मोकळं’ ही आपल्याकडे जास्त. कायदा तसं म्हणत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. गिटहबवर उघडा ठेवलेला कोडही लायसन्सची फाइल नसेल तर लेखकाचाच. तुम्हाला तो बघता येतो, आपल्या प्रॉडक्टमध्ये घालता येत नाही.

लायसन्स नसेल तर लेखकाला सरळ मेल करावा. अंक, पान, लिस्टिंगचा क्रमांक, कुठे वापरणार ते दोन ओळींत, आणि शेवटी हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न: ‘हा कोड एमआयटी लायसन्सखाली (मोकळ्या वापराची परवानगी देणाऱ्या परवान्याखाली) वापरला तर चालेल का?’ मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं. आलेलं उत्तर टेक्स्ट फाइल करून कोडच्या फोल्डरमध्ये टाकावं, मेलबॉक्सवर भरवसा ठेवू नये. उत्तर आलंच नाही तर कोड बाजूला ठेवून लेखातली पद्धत समजून घ्यायची आणि स्वतःच्या हाताने लिहायची. कॉपीराइट लिहिलेल्या कोडवर असतो, पद्धतीवर नाही.

पद्धतीवर पेटंट मात्र असू शकतं. टेरी वेल्च यांनी एलझेडडब्ल्यू पद्धत जून १९८४ मध्ये आयईईईच्या ‘कॉम्प्युटर’ मासिकात मांडली. लेख सुबोध होता, लोकांनी वाचला आणि वापरला. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने चित्रांसाठी जीआयएफ हा प्रकार काढला तोही याच पद्धतीवर. पण वेल्च ज्या कंपनीत होते तिने लेखाच्या आधीच, १९८३ मध्ये, पेटंटचा अर्ज करून ठेवला होता. पेटंट १९८५ मध्ये मिळालं आणि कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर ते युनिसिसकडे आलं. डिसेंबर १९९४ मध्ये घोषणा झाली की जीआयएफ लिहिणारं सॉफ्टवेअर विकायचं तर परवाना घ्या. तोवर जीआयएफ जगभर पसरलं होतं. त्या चिडीतून पीएनजी जन्माला आलं. अमेरिकेतलं ते पेटंट २० जून २००३ ला संपलं, त्यामुळे नेल्सन यांच्या १९८९ च्या लिस्टिंगबाबत आता त्या पेटंटची चिंता उरलेली नाही. कॉपीराइट अजून त्यांचा आहे, आणि वापराच्या अटी त्यांनी आपल्या साइटवर लिहून ठेवल्या आहेत.